बदलीताई आणि पाहुण्याची खुर्ची

कालव्याचा दुसरा पूल मागे पडला, आणि तोवर मुकाट चालत आलेली थोरली एकदम म्हणाली, "मी नाही म्हटलं, तर मास्तर काय करतील गं?"

"करतील काय? एखादा नट धरून आणतील," धाकटी म्हणाली. "नटांना काय तोटा! बोलावलं तरी येतात आणि नाही बोलावलं तरी येतात."

थोरली हसली नाही. एरवी असल्या बोलण्यावर तिने वरताण केली असती. आज ती पदर खांद्यावर घट्ट ओढून, पायाखालची खडी बघत चालत राहिली.

दोघी सख्ख्या जावा. थोरलीला बासष्ट, धाकटीला चोपन्न. एकाच घरात खालच्या दोन खोल्या थोरलीच्या, वरच्या दोन धाकटीच्या, आणि मधला जिना दोघींच्या गप्पांचा. त्या दिवशी रस्ता खणून ठेवला होता, म्हणून बस डेपोच्या पुढे जात नव्हती. तिथून स्टुडिओ पायी सव्वा तासावर. शुक्रवार होता. दोन वाजता तालीम, सहाला चित्रीकरण आणि रात्री साडेनऊला तेच चित्रीकरण घराघरांत दिसणार, असा वीस वर्षांचा शिरस्ता. आज तो शेवटचा होता. कार्यक्रम बंद होत होता.

कार्यक्रम हसवणुकीचा. नट, गायिका, खेळाडू, कधी एखादा मंत्री असे पाहुणे येऊन लाल खुर्चीत बसत आणि मास्तर त्यांची अशी फिरकी घेत, की पाहुण्याला आपलं वस्त्रहरण झालं हे घरी गेल्यावर कळे. मास्तर टीव्हीवर यायच्या आधी शाळेत अकरा वर्षं भूगोल शिकवत होते. म्हणून स्टुडिओतला झाडूवालासुद्धा त्यांना मास्तरच म्हणे.

आणि त्या लाल खुर्चीत सगळ्यांत जास्त वेळ कोण बसलं असेल, तर थोरली. ती टीव्हीवर एकदाही दिसली नाही, हा भाग निराळा.

पाहुणा यायचा संध्याकाळी. पण दिवा कुठून मारायचा, कॅमेरा कुठे उभा करायचा, माइक कुठे लावायचा, हे सगळं आधी जमवून ठेवावं लागतं, आणि त्यासाठी खुर्चीत कुणी तरी हाडामांसाचं माणूस लागतं. ते माणूस थोरली. कायमचा कामगार आला नाही, की गिरणीत बदली कामगार उभा करतात, तसं ते काम. म्हणून तिचं नाव पडलं बदलीताई.

खरं तर ती तिथे लागली होती कपडेपटात, पाहुण्यांच्या पँटी आखूड करायला आणि ब्लाउजला टाके घालायला. थोरलीचे यजमान, मोठे भावजी, गेले तेव्हा ती बेचाळीस वर्षांची होती, मुलगी कॉलेजात. शिवणाचं काम मिळालं तेच खूप झालं. वर्षभराने एका शुक्रवारी खुर्चीत बसणारा माणूस आला नाही. फ्लोअर मॅनेजर ओरडला, "अहो ताई, सुई ठेवा आणि पाच मिनिटं बसा जरा इथे!" त्या पाच मिनिटांची एकोणीस वर्षं झाली.

कारण ती नुसती बसली नाही. तालमीत मास्तर आपले विनोद घासूनपुसून बघत. समोरच्याने काही तरी उत्तर दिलं, तर पुढची कोपरखळी कुठे मारायची याचा अंदाज येई. आधीचा माणूस "हो", "नाही", "छान वाटतंय" एवढंच बोले. थोरलीने पहिल्याच दिवशी पाहुणीच्या आवाजात उत्तर दिलं. पाहुणी होती एक लाडिक नटी. थोरलीने मान तिरकी केली, बोटाने केसांची बट गुंडाळली आणि म्हणाली, "मास्तर, माझं वय विचारू नका, माझ्या आईला सांगितलेलं निराळं आहे!" कॅमेरावाला कॅमेरा सोडून खाली बसला हसत.

त्यानंतर दर गुरुवारी थोरली अभ्यास करी. पाहुणा कोण, उंची किती, बोलतो कसा, आवंढा कुठे गिळतो, सगळं. उंच पाहुणा असला तर खाली उशी घेऊन बसे, ठेंगणा असला तर खुर्चीत घसरून. पाहुणा ज्या रंगाचे कपडे घालणार त्या रंगाचं काही तरी अंगावर हवं, नाही तर दिव्यांचा अंदाज चुकतो. म्हणून तिच्या पिशवीत सात रंगांच्या ओढण्या असत. धाकटी वर पोथी वाचत बसलेली असायची आणि खालून कधी पहिलवान बोले, कधी मंत्री, कधी गायिका. सासूबाई तेव्हा होत्या. त्या म्हणायच्या, "अगो, तुझ्या जावेच्या खोलीत हल्ली पुरुष फार येतात!"

तेव्हा कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट एक गंमत सुरू झाली होती. तालमीत थोरली जे बोले, ते संध्याकाळी पाहुणाच बोलून जाई. एका गायिकेच्या जागी बसली असताना मास्तरांनी विचारलं, "नवीन गाणं कधी?" थोरली म्हणाली, "गाणं राहू द्या मास्तर, आधी घर बदलतेय. एकटीच." उगाच, सुचलं म्हणून. संध्याकाळी ती खरी गायिका खुर्चीत बसली, आणि नवऱ्यापासून वेगळी होत असल्याचं तिने तिथेच पहिल्यांदा सांगितलं. शेवटचा शब्द तोच. एकटीच. अंधारात उभ्या असलेल्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. पुढे एका खेळाडूच्या जागी बसून ती म्हणाली, "माझ्या गुडघ्याने राजीनामा दिलाय, मी अजून दिला नाही," आणि तीन आठवड्यांत त्याने दिला. मग दिवेवाला तिच्या मागे लागे, "बदलीताई, जरा खुर्चीत बसून माझ्या लग्नाचं बोला की!"

थोरलीला त्याचा अभिमानच वाटे. जिन्यात बसून ती धाकटीला सगळं सांगे. धाकटी म्हणे, "बोलाफुलाला गाठ, जाऊबाई. पण जपून हं. वास्तू तथास्तु म्हणत असते."

धाकटी हे सहज म्हणाली होती. सगळ्याच बायका म्हणतात. आता कालव्याच्या कडेने चालताना तिला ते आठवत होतं आणि आपली जीभ चावावीशी वाटत होती.

पेट्रोलपंपाच्या चौकात भला मोठा फलक लागला होता. त्यावर बत्तिशी दाखवत हसणारे मास्तर, शेजारी रिकामी लाल खुर्ची आणि खाली मोठं प्रश्नचिन्ह. 'शेवटच्या शुक्रवारी कोण?' थोरली त्याच्यासमोर थांबली.

शेवटच्या शुक्रवारी कोण, हे मास्तरांनी पंधरा दिवसांपूर्वीच ठरवलं होतं. नट नको, मंत्री नको, बदलीताई. "सगळ्यांच्या जागी बसलात, ताई. एकदा तुमच्या जागी बसा," असं ते घरी येऊन म्हणाले होते. सोबत कुणी नव्हतं, कॅमेरा नव्हता. वर येऊन धाकटीच्या हातचा चहा घेतला आणि धाकटीच्या देवांना नमस्कारही करून गेले. थोरलीने तेव्हापासून हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं. सकाळी फोन आला तेव्हा एवढंच म्हणाली, "येते. तिथे आल्यावर सांगते."

तिला बसायचं होतं. हे धाकटीला ठाऊक होतं. लहानपणी शाळेच्या गॅदरिंगमध्ये नकला करणारी मुलगी ती. लग्न झालं आणि भावजी म्हणाले, घरात काय ती वटवट कर. एकदा दिव्यांच्या उजेडात, आपल्या नावाने, लोकांनी आपल्याला बघावं, हसावं, हे तिच्या मनात किती खोल होतं, ते धाकटीने पाहिलं होतं. परवाच तिने पेटीतली जांभळी साडी काढून उन्हात टाकली होती. कुठल्याच पाहुण्यासाठी न नेसलेली.

आणि तिला भीती होती. तीही धाकटीला ठाऊक होती. थोरली संध्याकाळी बसणार, म्हणजे दुपारी थोरलीच्या जागी कुणी तरी बसणार. आणि बोलणार.

"चला, उशीर होतोय," धाकटी म्हणाली. पण थोरलीला दम लागला होता. कोपऱ्यावर चहाची टपरी होती आणि बाहेर दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या. बसायच्या आधी थोरलीने खुर्चीच्या बैठकीवर तळहात ठेवला. जरा वेळ तसाच ठेवला.

"बसा हो आजी, पुसलीय!" चहावाला म्हणाला.

"पुसलीय ते दिसतंय. गरम आहे का ते बघत्येय."

"गरम चहा मिळेल. खुर्ची थंडच आहे."

धाकटीला हे नवीन नव्हतं. सात वर्षं झाली, थोरली कुठेही बसताना आधी हात लावून बघे. स्टुडिओत दोन वाजता ती आत जाई तेव्हा दिवे लागलेले नसत, खुर्चीवर कापड घातलेलं असे, आणि ते काढून हात ठेवला, की बैठक उबदार. नुकतंच कुणी उठून गेल्यासारखी. दिवेवाला म्हणे, वरच्या यंत्रांची ऊब उतरते. असेल. पण मास्तरांची खुर्ची तीन हातांवर होती आणि ती थंड असे.

सात वर्षांपूर्वीची गोष्ट सगळ्यांना माहीत होती, निदान वरवर. पाहुणा होता एक म्हातारा विनोदी नट. तीन पिढ्यांना हसवलेला. बोलणं संथ, नाकातून, प्रत्येक वाक्य ओढत ओढत. थोरलीने दुपारी त्याची अशी हुबेहूब नक्कल केली, की वरच्या खोलीतला दिग्दर्शकही माइकवरून हसला. संध्याकाळी सहाला प्रेक्षक बसले, वाद्यं वाजली, आणि नट काही येईना. मेकअपच्या खोलीत आरशासमोर बसल्या बसल्या तो गेला होता. अर्ध्या चेहऱ्याला रंग लागला होता.

त्या दिवसापासून थोरली खुर्चीत बसून बोलायची बंद झाली. माइक बघण्यापुरते एक ते दहा आकडे म्हणायची, बस्स. मास्तर प्रश्न विचारत, ती नुसती बघत राही. पहिले काही आठवडे सांगितलं, घसा बसलाय. नंतर कुणी विचारलं नाही. सगळ्यांना वाटलं, मनाला लागलं बिचारीच्या.

चहा आला. थोरलीने कप हातात धरला, प्यायली नाही.

"धाकटे, तुला एक सांगायचं राहिलंय," ती म्हणाली. "कुणालाच सांगितलेलं नाही. आज त्या खुर्चीत बसायचं की नाही, ते मला ठरवायचंय, आणि हे पोटात ठेवून ठरवता येत नाहीये."

"सांगा की."

"त्या दिवशी ते लवकर आले होते. तालीम चालली होती तेव्हा ते आत येऊन मागे अंधारात उभे होते. मला माहीत नाही. मी आपली त्यांच्या आवाजात बोलतेय, लोक हसतायत. तालीम संपली, मी उठले, तर ते पुढ्यात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ते हसत होते गं. म्हणाले, 'झकास. माझ्यापेक्षा तुम्हीच मी जास्त वाटता. आता संध्याकाळी तुम्हीच बसा. मी जातो.'"

थोरलीने कपावरची साय बोटाने बाजूला केली.

"मग?"

"मग काय. जातो म्हणू नका, येतो म्हणा, असं शेंबडं पोरही सांगतं. मी नाही सांगितलं. तोंडात त्यांचाच आवाज बसला होता. मी त्यांच्याच आवाजात म्हटलं, 'जा जा. निवांत जा. इथलं मी बघतो.'"

धाकटीने आपली खुर्ची तिच्याजवळ ओढली.

"खूप हसले ते. हात जोडले मला. आणि गेले मेकअपच्या खोलीत." थोरलीने कप खाली ठेवला. "माणसाला त्याच्याच आवाजात जा म्हटलं, धाकटे. कोण थांबेल?"

धाकटी तिच्या स्वभावाप्रमाणे म्हणाली, "जाऊबाई, आयुष्याची दोरी वरच्याच्या हातात असते. आपल्या जिभेत एवढी ताकद असती, तर सासूबाईंनी निम्मी आळी संपवली असती. दूधवाल्याला त्या रोज सकाळी 'मेल्या' म्हणायच्या. आहे ना अजून? आजच भांडून गेला."

थोरलीच्या तोंडावर हसू आलं, पण डोळ्यांपर्यंत गेलं नाही.

"सासूबाई स्वतःच्या आवाजात म्हणायच्या," ती म्हणाली.

यावर धाकटीजवळ होती ती एक निराळीच गोष्ट, आणि ती तिने गिळली. चार वर्षांपूर्वी थोरली तापाने पडली होती. भर दुपारी धाकटी औषध घेऊन खाली गेली. दार लोटलेलं होतं. तिने बाहेरून विचारलं, "जाग्या आहात का?" आतून संथ, नाकातला, ओढलेला आवाज आला, "आहे की. जाणार कुठे?" धाकटीने दार ढकललं. आत पाहिलं तर थोरली भिंतीकडे तोंड करून गाढ झोपलेली. धाकटीने औषध उशाशी ठेवलं, वर येऊन देवाजवळ दिवा लावला आणि कुणाला काही सांगितलं नाही. तापात माणूस काय वाटेल ते बरळतं. असं तिने त्या दिवशी देवाला सांगितलं होतं. देवाने हो किंवा नाही काहीच म्हटलं नव्हतं.

"मला बसायचंय गं," थोरली म्हणाली. "खोटं कशाला बोलू? पण मी बसणार म्हणजे माझ्या जागी दुपारी ती कपडेपटातली इस्त्रीवाली बसणार. हसरी आहे, गुणी आहे, दोन लेकरांची आई. तिला ह्यातलं काही ठाऊक नाही. ती सगळ्यांच्या नकला करते, माझी तर फारच छान. परवा मला बघायला लावली. मी चालते कशी, पिशवी कशी धरते, डिट्टो. सगळे हसले, मीही हसले. आणि घरी येऊन मला झोप नाही."

"मग मास्तरांना सांगा, आज तालीमच नको."

"तालमीशिवाय दिवे कुणाच्या तोंडावर टाकतील? आणि कारण काय सांगू? मी मरेन म्हणून?"

तिने तो शब्द उच्चारला, आणि दोघी उठल्या. पुढची वाट सरत गेली. शीतगृहाची लांबच लांब भिंत, शाळेचं बंद फाटक, टायरांचं दुकान. धाकटी मनात देवाचं नाव घेत चालली होती. दर दहा पावलांना नाव तुटे आणि तिच्या कानात तो नाकातला आवाज येई. आहे की, जाणार कुठे. तिने पदर डोक्यावरून घेतला.

स्टुडिओच्या फाटकावरचा पहारेकरी उठून उभा राहिला. "बदलीताई, आज पाहुण्यांच्या दाराने जायचं हं! तसा हुकूम आहे." थोरली मान हलवून नेहमीच्या मागच्या दारानेच आत गेली. धाकटी तिच्या मागोमाग. दोन वाजून वीस मिनिटं झाली होती.

आत वायरींचे ढीग, काळे पडदे आणि पलीकडे झगझगीत उजेड. पडद्याआडून हशा ऐकू आला. मग मास्तरांचा आवाज. मग त्या आवाजाला उत्तर देणारा दुसरा आवाज ऐकू आला आणि धाकटीने दचकून शेजारी पाहिलं.

थोरली शेजारीच उभी होती. तोंड मिटलेलं. पडद्यापलीकडे थोरलीच बोलत होती.

"अहो मास्तर, एकोणीस वर्षं बसून बसून माझं वजन खुर्चीला पाठ झालंय!"

परत हशा. धाकटीने पडदा बोटभर बाजूला केला. लाल खुर्चीत इस्त्रीवाली बसली होती. खांद्यावर जांभळी ओढणी, मांडीवर पिशवी, पिशवीचे बंद थोरलीसारखे मनगटाला दोनदा गुंडाळलेले. पाय थोरलीसारखे, टाचा किंचित उचललेल्या. आवाज असा, की जिन्यात बसून डोळे मिटून ऐकला असता तर धाकटी फसली असती. तीस वर्षं तो आवाज ऐकलेली ती.

थोरलीने धाकटीचं मनगट धरलं.

मास्तर पुढे वाकले. त्यांचा हा नेहमीचा शेवटचा प्रश्न असे, पाहुण्याला उद्याबद्दल विचारायचं. "बरं, बदलीताई, आज शुक्रवार संपला. कार्यक्रम संपला. आता उद्या शनिवारी तुम्ही काय करणार?"

"शनिवारी?" इस्त्रीवाली थोरलीच्या आवाजात म्हणाली. हसू दाबायला थोरली ओठ आत घेते तसे तिने घेतले. "शनिवारी मास्तर, मी..."

"थांब!"

थोरली ओरडली होती. धाकटीने तिला एवढ्या मोठ्याने ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. कॅमेरे थांबले. वरून दिग्दर्शकाचा आवाज आला, "काय झालं खाली?" थोरली पडदा सारून उजेडात गेली. वायरींवरून अडखळली, सावरली.

इस्त्रीवाली घाबरून उभी राहिली. "चुकलं का ताई माझं? मी गमतीने..."

"नाही गं बाई, छान करत होतीस. फार छान." थोरलीने तिच्या गालावरून हात फिरवला. "तू जाऊन पाणी पी. माझी साडी इस्त्री करायची आहे, तेवढी कर."

"म्हणजे बसणार ना आज?" मास्तर उठून आले होते. चष्मा कपाळावर, तोंडावरचं टीव्हीवरचं हसू उतरलेलं. तसं त्यांचं तोंड मास्तरासारखंच दिसे. थकलेल्या, वर्ग सुटल्यावरच्या मास्तरासारखं. "ताई, मी जबरदस्ती करत नाही. पण का थांबवलंत, ते तरी सांगा."

थोरलीने त्यांच्याकडे पाहिलं. खुर्चीकडे पाहिलं. सात वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं, ते आता एवढ्या माणसांदेखत, एवढ्या उजेडात सांगणं तिच्याने होईना.

"बसणार, मास्तर," ती म्हणाली. "संध्याकाळी बसणार. हो म्हणायलाच आले. फक्त तालमीचं माणूस मी देईन."

"द्या की. कोण?"

थोरली वळली. पडद्याच्या कडेला धाकटी उभी होती. हातात वाटेच्या धुळीने माखलेली पिशवी, डोक्यावर पदर. थोरली तिच्याजवळ आली आणि पाठ उजेडाकडे करून, कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने उभी राहिली.

"धाकटे, ते वाक्य अर्धं राहिलंय."

"राहू दे की. काय बिघडलं?"

"नाही राहू देता येत. ते तसं लोंबकळत ठेवून मी संध्याकाळी त्या खुर्चीत बसले, तर मला दुसरं काही ऐकूच येणार नाही. आणि मी स्वतः पुरं करायला गेले, तर कुणाच्या आवाजात बोलेन याची मला खात्री नाही." तिने धाकटीच्या हातातली पिशवी काढून खाली ठेवली. "तुला माहितीय ते. तू ऐकलंयस. माझ्या तापात. त्या दिवसापासून तू खालच्या दाराशी आलीस की आधी खोकतेस."

धाकटी आताही खोकलीच.

"तू बस माझ्या जागी," थोरली म्हणाली. "माझी नक्कल करू नकोस, तुला यायचीही नाही. तुझ्याच आवाजात बोल. पण मी म्हणून बोल. मास्तर विचारतील शनिवारी काय करणार. ते तू सांग. पुरं सांग. देवाचं नाव घेऊन सांगायचं तर तसं सांग, कुणी हसलं नाही तरी चालेल. चुकलं तर चुकलं. मला काही लागायचंच असेल, तर तुझं बोललेलं लागू दे गं. परक्याचं नको."